बंद बाटलीचे वय

तांबडे द्राक्षासव बाटलीत बंद केले, तरी त्यातील रासायनिक क्रिया थांबत नाहीत. सालीतून उतरलेली रंगद्रव्ये व टॅनिने यांचा संयोग होतो, त्यांचे मोठे रेणू गाळरूपाने तळाशी बसतात आणि जांभळट रंग विटकरी होत जातो. परंतु एवढ्यावरून वर्ष ठरविणे धोक्याचे. उबदार जागी ठेवलेले द्राक्षासव लवकर जुने दिसू लागते.

जुन्या बाटल्यांना मोठी किंमत येत असल्याने लबाडीस वाव मिळतो. फ्रान्समधील बोर्दो येथील भौतिकशास्त्रज्ञ फिलिप ह्यूबेर यांनी यावर निराळी कसोटी वापरली. १९४५ पासून झालेल्या अणुस्फोटांमुळे सीझियम-१३७ हे किरणोत्सर्गी द्रव्य वातावरणात पसरले व पावसाबरोबर द्राक्षमळ्यांवर उतरले. १९६३ च्या सुमारास त्याचे प्रमाण सर्वाधिक होते. त्याचा अर्धायुकाल सुमारे ३० वर्षे असल्याने त्याचा अंश अजून उरला आहे. आणि त्याचे गॅमा किरण काचेतून बाहेर येत असल्यामुळे बूच काढावे लागत नाही. अंश अत्यल्प, म्हणून बाटली शिशाच्या जाड आवरणात ठेवून मोजणी करतात.

टॉमस जेफरसन यांच्या संग्रहातील म्हणून विकलेल्या एका बाटलीत सीझियम सापडले नाही. यावरून आतील द्राक्षासव अणुस्फोटांपूर्वीचे, एवढेच ठरते. अठराव्या शतकातले ठरत नाही. काचेवरील आद्याक्षरे विजेच्या हत्याराने कोरलेली असावीत, असे तज्ज्ञांनी पुढे सांगितले. येथे रसायनापेक्षा काचच अधिक बोलकी निघाली!

नाशिक व नारायणगाव परिसरातील हा उद्योग १९८० नंतर वाढला. तेथील बाटल्यांपुढे या कसोटीला फारसे काम उरत नाही.