अर्धशिशी : पित्ताला दोष देण्यापूर्वी

“डॉक्टर, संकष्टी आली की माझं पित्त उठतं,” अशी तक्रार घेऊन गेल्या वर्षी एक शिक्षिका माझ्या दवाखान्यात आल्या. डोक्याची एक बाजू ठणकते, मळमळते, उजेड आणि आवाज सहन होत नाही. अंधाऱ्या खोलीत पडून राहावे लागते आणि दुसऱ्या दिवशी शाळेला दांडी. हे पित्त नव्हते. ही अर्धशिशी, म्हणजेच मायग्रेन होती.

उलटी झाल्यावर बरे वाटते, म्हणून आपण पित्ताला दोष देतो. वास्तविक मळमळ व उलटी हा अर्धशिशीचाच भाग आहे, तिचे कारण नव्हे. उपचार न केल्यास हे दुखणे ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत टिकू शकते. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये ते सुमारे तिप्पट आढळते आणि पुष्कळदा आई-वडिलांकडून वारशाने येते.

दिनक्रमातील बदल

ज्यांना अर्धशिशी आहे त्यांच्या मेंदूला एकाएकी झालेला बदल मानवत नाही. जेवणाची वेळ टळणे, पाणी कमी पिणे, रात्रीचे जागरण, तसेच सुट्टीच्या दिवशी उशिरापर्यंत झोपणे, ही नेहमीची निमित्ते. रोज चार-पाच कप चहा पिणाऱ्याने तो अचानक बंद केला तरी डोके दुखते. भर उन्हातली फेरी, उग्र अत्तर, उदबत्तीचा धूर, फोडणीचा खाट हेही काहींना बाधतात. मनावरचा ताण तर आहेच. परंतु परीक्षा किंवा घरचे लग्न पार पडून जीव भांड्यात पडला की त्यानंतरही डोके धरते. स्त्रियांना पाळीच्या सुमारास त्रास होतो, कारण त्या वेळी शरीरातील इस्ट्रोजेनची पातळी खाली येते.

यांतील एखादे कारण एकटे असेल तर निभावते. दोन-तीन एकत्र आली की दुखणे उठते. म्हणूनच “मागच्या वेळी उपवास केला तेव्हा काही झालं नाही,” असे रुग्ण सांगतात.

वही ठेवा

त्या बाईंना मी एक साधी वही करायला सांगितली. कोणत्या दिवशी दुखले, आदल्या दिवशी झोप किती झाली, काय व केव्हा खाल्ले, पाळीची तारीख आणि किती गोळ्या घेतल्या. दोन महिन्यांत उलगडा झाला. संकष्टीला त्या पहाटे उठत, चहा घेत नसत आणि चंद्रोदयापर्यंत पोट रिकामे ठेवत. उपवास सोडा, असे मी म्हटले नाही. नेहमीच्या वेळी चहा, दर तीन-चार तासांनी फळे, दूध किंवा राजगिऱ्याचा लाडू आणि भरपूर पाणी, एवढेच सुचवले. पुढच्या दोन संकष्ट्यांपैकी एकीला डोके दुखले नाही; दुसरीला दुखले, पण शाळा चुकली नाही.

गोळ्यांचा अतिरेक नको

वहीत आणखी एक गोष्ट दिसली. महिन्यातले बारा-तेरा दिवस त्या दुकानातून आणलेली मिश्र वेदनाशामक गोळी घेत होत्या. अशा मिश्र गोळ्या महिन्यातून १० दिवस किंवा त्याहून जास्त, आणि साध्या गोळ्या १५ दिवस किंवा त्याहून जास्त, तीन महिन्यांवर घेतल्या तर त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी वाढते. वारंवार त्रास होणाऱ्यांसाठी तो टाळणारी वेगळी औषधे आहेत. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

प्रत्येक डोकेदुखी अर्धशिशी नसते. पूर्वी कधी नव्हते असे एकाएकी भयंकर दुखणे, तापाबरोबर मान ताठणे, हातापायांतली शक्ती जाणे, बोबडी वळणे, डोक्याला मार लागल्यानंतरचे दुखणे यांपैकी काही आढळल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेल्या डोकेदुखीचीही तपासणी करून घ्यावी.

एरवी मात्र आजच एक वही घ्या. पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे जाताना ती बरोबर न्या. निम्मे निदान तीच करील.