कोरियन खेळाडूंना सुया चालतात, मग काढाच का नडतो?

पाय मुरगळला की दक्षिण कोरियातले अनेक खेळाडू फिजिओसोबत 'हानुइसा'कडेही जातात. हानुइसा म्हणजे पारंपरिक कोरियन वैद्यकाचा डॉक्टर. सहा वर्षांची पदवी, वर सरकारी परवाना. आपल्या बीएएमएसचा भाऊच म्हणा ना!

त्याच्या अ‍ॅक्युपंक्चरच्या सुयांवर 'वाडा' या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची बंदी नाही. नडतो तो 'हान्याक', म्हणजे जडीबुटीचा काढा.

सर्दी-खोकल्याच्या काही काढ्यांत 'माह्वांग' ही वनस्पती असते. तिच्यात इफेड्रिन असतं. स्पर्धेच्या वेळी लघवीत ते दर मिलीलिटरला 10 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त सापडलं, की खेळाडू अडकला. 'माजॉनजा' म्हणजे आपला कुचला. त्यातलं स्ट्रिकनिनही स्पर्धेत चालत नाही. 'बुजा' हे बचनागाच्या कुळातलं मूळ. त्यात हायजेनामाइन असतं, आणि त्यावर तर सरावाच्या काळातही बंदी आहे.

खरी गोची पुढे आहे. काढा प्रत्येक रुग्णासाठी वेगळा बनतो. गोळीच्या पाकिटावर मिलिग्रॅम छापलेले असतात, काढ्यात नेमकं किती काय उतरलं हे वैद्यालाही सांगता येत नाही. वनस्पती कुठे वाढली, किती उकळली, यावर ते बदलतं.

"मला डॉक्टरांनीच दिलं होतं" हे सांगून सुटका होत नाही. शरीरात जे सापडेल, त्याची जबाबदारी खेळाडूची. चूक नकळत झाल्याचं सिद्ध केलं तर बंदीचा काळ कमी होऊ शकतो. पण वैयक्तिक खेळात त्या स्पर्धेतलं पदक मात्र जातंच.