कॅम बदलला, पण स्प्रिंगचें काय?

मोटारीचें इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असतां त्यांतील प्रत्येक झडप सेकंदाला पन्नास वेळां उघडते व पन्नास वेळां मिटते. उघडण्याचें काम कॅमशाफ्टकडे असतें. हा एक लांब दांडा असून त्यावर झडपागणिक एकेक अंडाकृति उंचवटा असतो. त्यालाच कॅम म्हणतात. उंचवटा फिरून आला कीं झडप ढकलली जाते. परंतु तिला परत आणण्याचें सामर्थ्य कॅममध्यें नाहीं. तें काम एका वेटोळेदार स्प्रिंगवर सोंपविलेलें असतें; आणि गाडीची शक्ति वाढविण्याची ज्यांना हौस असते, त्यांच्या नजरेंतून नेमकी हीच स्प्रिंग निसटते. नवा, अधिक उंच कॅमचा दांडा ते मोठ्या खर्चानें आणतात व जुन्या स्प्रिंगा तशाच ठेवतात. कांहीं जण याच्या उलट, बाजारांत मिळेल ती सर्वांत ताठ स्प्रिंग बसवून मोकळे होतात. पहिली चूक इंजिन एका क्षणांत मोडते, दुसरी सावकाश खाते, एवढाच काय तो फरक.

स्प्रिंग म्हणजे झडप मिटविणारें साधन, ही समजूत अपुरी आहे. तिची खरी कसोटी झडप पुरती उघडण्याच्या सुमारास लागते. कॅमची चढण झडपेला वेगानें पुढें लोटते. माथा जवळ येतो तसा हा वेग कमी व्हावयास हवा, पण एकदां गति मिळालेली झडप, तिचा रॉकर, दांडी व टॅपेट हीं सारींच तशींच पुढें जाऊं पाहतात. रस्त्यांतील उंचवट्यावरून भरधाव जाणारी सायकल जशी पलीकडे क्षणभर अधांतरीं होते, तसाच हा प्रकार. या सर्वांना कॅमशीं चिकटवून ठेवणारी एकटी स्प्रिंग. त्यासाठीं लागणारा जोर फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. पांच हजारांचे सहा हजार फेरे झाले म्हणजे गति एक पंचमांशानेंच वाढली, पण जोर मात्र ४४ टक्के अधिक लागतो. तो अपुरा पडला कीं झडप कॅमला सोडून तरंगते, अवेळीं आदळून मिटते व बैठकीवरून उसळते. शक्ति तर घटतेच. आणि झडप उघडी असतां पिस्टन वर आला, तर तो तिलाच गांठतो.

या बाबतींत शेव्हरोलेट कंपनीनें १९५५ सालीं काढलेलें आठ सिलिंडरांचें लहान व्ही-इंजिन चांगला धडा देतें. अमेरिकेंतील हौशी मंडळींनीं या घराण्यांतील इंजिनांचे कॅम इतके बदलले आहेत कीं त्यांतून एक स्वतंत्र धंदाच उभा राहिला. त्याच कंपनींतील झोरा आर्कस-डंटॉव्ह या इंजिनिअरानें जानेवारी १९५६ मध्यें डेटोनाच्या वाळूवर सुधारलेली कॉर्व्हेट गाडी ताशीं दीडशें मैलांवर नेली. तिच्यासाठीं आंखलेल्या कॅममध्यें त्यानें झडपेची उंची वाढविण्याच्या नादीं न लागतां ती उघडी राहण्याचा काळ वाढविला. म्हणजे कॅम आंखतांनाच स्प्रिंगचा विचार झाला होता. जो कॅम विकत घेतो, त्याला हा विचार मागाहून कां होईना, करावाच लागतो.

तो हिशेब शाळकरी मुलालाही जमेल असा आहे. समजा, झडप मिटलेली असतां मूळ स्प्रिंगची उंची १·७० इंच व जोर ८० पौंड आहे, आणि एक इंच दाबल्यास तिचा जोर २७० पौंडांनीं वाढतो. जुना कॅम झडप ०·४० इंच उघडी. त्या वेळीं जोर १८८ पौंड होई. नवा कॅम ती ०·५० इंच उघडतो. जोर २१५ पौंड होतो. वाढ दिसते खरी, पण ती फसवी. नव्या कॅमची चढण अधिक तीव्र आणि फेरेही अधिक घ्यावयाचे. त्याहून मोठें संकट निराळेंच. ही स्प्रिंग १·१६ इंचांवर वेटोळ्याला वेटोळें टेकून घट्ट होत असेल, तर नव्या कॅमखालीं केवळ ०·०४ इंच मोकळीक उरते. सुमारें ०·०६ इंच ठेवण्याचा प्रघात आहे. वेटोळीं टेकलीं कीं स्प्रिंग ही स्प्रिंग राहत नाहीं, लोखंडी नळी होते. कॅम तर थांबत नाहीं. मग दांड्या वांकतात, नाहीं तर रॉकरचे खुंट उपटून येतात. उलट, मिटल्या स्थितींत ११५ पौंड, इंचामागें ३५० पौंड व घट्ट उंची १·१० इंच अशी स्प्रिंग घेतली, तर उघड्या झडपेवर २९० पौंड जोर व ०·१० इंच मोकळीक मिळते.

मग आणखी ताठ कां नको? या इंजिनाचा रॉकर दीडपट तरफेचा आहे. त्यामुळें झडपेवरचे २९० पौंड कॅमवर सुमारें ४३५ होऊन पडतात, आणि तेंही टॅपेटच्या अत्यंत अरुंद पट्टीवर. मध्यें असतो तो फक्त तेलाचा पातळ पडदा. तो फाटला कीं कॅमचा माथा झिजून सपाट होतो, व त्याचा कीस तेलाबरोबर सर्व बेअरिंगांत शिरतो. सपाट टॅपेटचा नवा कॅम प्रथम वीस मिनिटें दोन हजार फेऱ्यांच्या आसपास चालवून मुरवितात. स्प्रिंग दुहेरी असेल तर तेवढ्यापुरती आंतली काढून ठेवतात. टॅपेटला रूळ असेल तर बराच अधिक जोर सोसतो.

जोराखेरीज स्प्रिंगला स्वतःचा एक झोकाही असतो. झोपाळ्याला ठराविक तालावर हात लावला कीं तो वाढत जातो. तशीच कॅमची कंपनें स्प्रिंगच्या तालाशीं जुळलीं, तर वेटोळीं आंतल्या आंत लाटांप्रमाणें हिंदकळतात व तिचा जोर ऐन वेळीं दगा देतो. म्हणून एकींत दुसरी स्प्रिंग घालतात व दोघींचे पीळ विरुद्ध ठेवतात, म्हणजे वेटोळीं एकमेकींत अडकत नाहींत. कोठें आंत चपटी पट्टी घालून घर्षणानें झोका मारतात. मधमाशांच्या पोळ्यासारखी वर निमुळती होणारी स्प्रिंग ही याहून चतुर युक्ति होय. तिचा ताल एक नसतो, आणि वरची टोपी लहान झाल्यानें हलणारें वजनही घटतें.

वेष्टनावर छापलेला जोर ठराविक उंचीवरचा असतो, ही गोष्ट मात्र फार थोडे लक्षांत घेतात. झडपेची बैठक घांसली कीं झडप आंत जाते व स्प्रिंगची जागा लांबते. उंची १·७० ऐवजीं १·७३ इंच भरली, तर वरील स्प्रिंगचा जोर साडेदहा पौंडांनीं उतरतो. यास्तव स्प्रिंग न घालतां, टोपी व चाव्या बसवून, सोळाही झडपांची उंची एकेक मोजावी व जास्त भरेल तेथें बारीक चकत्या खालीं घालाव्या. टोपीचें बूड झडपेच्या मार्गदर्शक नळीवरील सीलाला लागत नाहीं, हेंही त्याच वेळीं पाहावें. मोसम संपल्यावर स्प्रिंगा उतरवून जोर पुन्हां मोजावा. दहा टक्क्यांनीं उतरलेली स्प्रिंग डोळ्यांना नव्या स्प्रिंगसारखीच दिसते.