हिमपादुका

कोंकणच्या किनाऱ्यावर कोरड्या वाळूंतून भराभर चालूं पाहणाराची कशी तारांबळ उडते, हें ज्यांनीं अनुभवलें आहे, त्यांना ताज्या हिमांतून चालण्याची थोडीशी कल्पना येईल. वाळूंत पाऊल घोट्यापर्यंत रुततें. भुसभुशीत हिमांत तें गुडघ्यापर्यंत आणि कधींकधीं मांडीपर्यंतहि जातें. दहावीस पावलांतच मनुष्य धापा टाकूं लागतो. ज्या देशांत वर्षाचे चार महिने भूमि अशी झांकलेली असते, तेथील लोकांनीं या अडचणींतून वाट कशी काढली आणि ती वाट आज व्यायामाचें साधन कशी झाली, हें जाणून घेण्याजोगें आहे.

उत्तर अमेरिकेंतील ह्यूरन, क्री इत्यादि मूळ जमातींनीं ॲश वृक्षाच्या चिवट लांकडाच्या पट्ट्या वांकवून चौकटी केल्या आणि त्यांत हरणाच्या कच्च्या कातड्याच्या वाद्यांची जाळी विणली. मोकळ्या मैदानासाठीं लांबट व अरुंद, तर दाट झाडींत वळतां यावें म्हणून अस्वलाच्या पंजासारख्या वाटोळ्या, असे त्यांचे प्रकार होते. या हिमपादुका पायांत बांधल्यावांचून हिवाळ्यांतील शिकार अशक्यच असे. सतराव्या शतकांत तेथें वसाहतीसाठीं आलेल्या फ्रेंचांनीं ही विद्या या लोकांपासूनच घेतली. पुढें १८४० नंतरच्या दशकांत मॉंट्रिऑल शहरांत हिमपादुका घालून फिरणारांचें मंडळ निघालें. निळ्या लोकरी टोप्या घालून व हातांत मशाली घेऊन त्याचे सभासद रात्रीं माउंट रॉयल टेकडी ओलांडीत. गरजेची वस्तु अशा रीतीनें करमणुकीची झाली.

हिमपादुकेमागील तत्त्व सोपें आहे. ७० किलो वजनाचा मनुष्य चालतांना क्षणभर एकाच पायावर उभा असतो. त्याच्या बुटाचा तळ सुमारें २५० चौरस सेंटिमीटर धरल्यास दर चौरस सेंटिमीटरवर २८० ग्रॅम भार पडतो. पादुकेचा तळ १५०० चौरस सेंटिमीटर असेल, तर तोच भार ४७ ग्रॅमांच्या आसपास येतो; म्हणजे सहावा हिस्सा. म्हणून पाऊल मुळींच रुतत नाहीं असें नव्हे, पण थोडेंसें दबून तरतें. त्या प्रदेशांतील एका सशाचे मागील पाय असेच रुंद असतात व त्यावरूनच त्याला ‘स्नोशू’ ससा हें इंग्रजी नांव मिळालें आहे.

आजच्या पादुका बहुधा ॲल्युमिनियमच्या किंवा प्लॅस्टिकच्या असतात. बूट पुढच्या भागांत पट्ट्यांनीं बांधतात. टांच मोकळी राहते व पाऊल बिजागरीप्रमाणें फिरतें. चवड्याखालीं पोलादी दांते असतात, ते कठीण हिमांत रुतून घसरूं देत नाहींत. पुष्कळ उद्यानांत त्या भाड्यानें मिळतात. म्हणून पहिल्याच दिवशीं विकत घेण्याचें कारण नाहीं.

नवशिक्यानें पाय नेहमींपेक्षां थोडे फांकवून टाकावे, नाहींतर एका पादुकेवर दुसरी पडून तोंडघशीं पडण्याची वेळ येते. मागें मात्र चालूं नये. शेंपटाकडील भाग हिमांत रुततो. वळावयाचें तर लहान पावलांनीं अर्धवर्तुळ घ्यावें. चढतांना चवडा हिमांत रोवावा, उतरतांना गुडघे किंचित् वांकवावे. दोन हातांत दोन काठ्या असल्या म्हणजे तोल सांवरतो. पडल्यास प्रथम कुशीवर वळून गुडघ्यांवर यावें, मग काठीच्या आधारानें उठावें. पुढें चालणारास वाट पाडण्याचे कष्ट अधिक, म्हणून सोबत्यांनीं आळीपाळीनें पुढें व्हावें. पहिल्या दिवशीं सपाट वाटेवर तासभर पुरे.

खरी चूक होते ती कपड्यांत. थंडीच्या भीतीनें नवखा मनुष्य सुती कपड्यांचे थर चढवितो. चालूं लागतांच घाम येतो, सुती कापड तो शोषून घेतें, आणि विश्रांतीसाठीं थांबतांच तेंच ओलें कापड अंगांतील ऊब ओढून नेतें. म्हणून अंगालगत लोकरीचें वस्त्र, त्यावर ऊबदार थर व सर्वांवर वारा अडविणारें आवरण असावें. निघतांना किंचित् थंडी वाजली तर उत्तमच. ताजें हिम सूर्यप्रकाशाचा फार मोठा भाग परावर्तित करतें, म्हणून काळा चष्माहि हवा. तहान लागली नाहीं तरी पाणी प्यावें.

धोके थोडे, पण गंभीर आहेत. गोठलेल्या तळ्यावर हिमाचा थर पांघरुणासारखा पडतो व खालचा बर्फ जाड होऊं देत नाहीं. वरून शुभ्र, सपाट दिसणारें तळें म्हणूनच फसवें. पर्वतांत ३० ते ४५ अंशांच्या उतारावरून हिमकडे कोसळतात. तेथें माहितगारावांचून जाऊं नये. डिसेंबरांत मॉंट्रिऑलला सायंकाळीं सवाचारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून सकाळींच निघावें. थंडीनें रक्तवाहिन्या आकसतात व हृदयावर ताण येतो. हृदयरोग्यांनीं व रक्तदाब असणारांनीं वैद्याचा सल्ला घेतल्यावांचून हा व्यायाम करूं नये.

महाराष्ट्रांतील कित्येक घरचीं मुलें आज कॅनडांत स्थायिक झालीं आहेत. त्यांच्या भेटीस गेलेले आईबाप हिवाळा लागला कीं खिडकीशीं बसतात. गांवीं रोज दोन मैल फिरणारे गृहस्थ तेथें महिनेच्या महिने उंबरा ओलांडीत नाहींत. गुडघे आंखडतात, झोंप उडते, आणि मुलाच्या संसारांत आपण अडगळ झालों, असें त्यांना वाटूं लागतें. प्रकृति ठीक असलेल्यांना त्यावर हा एक साधा उपाय आहे. नातवाला संगतीला घ्यावें, उन्हाचा दिवस पाहावा आणि पादुका बांधून तासभर फिरून यावें. पहिल्या दिवशीं पडण्याचा प्रसंग आला तरी हिम मऊ असतें, आणि आजोबांना उठविण्यांत नातवालाहि मौज वाटते.