छत्रीवाला पाद्री आणि गावातली रहस्ये

मित्रहो, गाव लहान असले की गुपिते मोठी होतात. शहरात शेजाऱ्याच्या घरी चोरी झाली तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातून कळते. गावात मात्र चोर सापडायच्या आधीच पारावर त्याचे नाव ठरलेले असते! कोण रात्री उशिरा परतला, कोणाचे कोणाशी बांधावरून वाजले, कोणाच्या हातात अलीकडे पैसा खुळखुळतो, हे सगळे सगळ्यांना ठाऊक. आणि इतके सगळे ठाऊक असूनही खरे काय घडले ते पुष्कळदा कोणालाच ठाऊक नसते. या गमतीवर आणि या दुःखावर इंग्रजीत रहस्यकथांची एक मोठी परंपरा उभी राहिली आहे. त्या परंपरेतला एक मोठा मानकरी म्हणजे एक बुटका, गोल चेहऱ्याचा, सदा छत्री हरवणारा पाद्री. त्याचे नाव फादर ब्राऊन. त्याचीच ओळख आज करून घेऊ.

रहस्यकथा आपल्याला नवी नाही. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड ज्यांनी लहानपणी चोरून वाचले असतील, त्यांना या कथांची गोडी निराळी सांगायला नको. पण तिथला नायक शूर, चपळ आणि देखणा. फादर ब्राऊनपाशी यातले काहीच नाही. तो कोणाशी दोन हात करीत नाही, वेषांतर करीत नाही, हातात भिंगही धरीत नाही. मग तो गुन्हा उकलतो तरी कसा? या प्रश्नाच्या उत्तरातच या कथांचे मर्म आहे.

हा पाद्री निर्माण केला जी. के. चेस्टरटन या इंग्रज लेखकाने. चेस्टरटन 1874 साली जन्मला आणि 1936 साली वारला. अंगाने अवाढव्य, बोलण्यात विनोदी, आणि वादविवादात भल्याभल्यांना भारी. फादर ब्राऊनची पहिली कथा 1910 साली छापली गेली, पहिला संग्रह 1911 साली निघाला आणि 1935 पर्यंत एकूण पाच संग्रह प्रसिद्ध झाले. सगळ्या मिळून कथा सुमारे पन्नास.

पाद्रीच का, असे तुम्ही विचाराल. त्याचे कारण चेस्टरटनने आपल्या आत्मचरित्रात सांगून ठेवले आहे. 1904 च्या सुमारास यॉर्कशायर भागात त्याची फादर जॉन ओकॉनर या कॅथलिक धर्मगुरूशी ओळख झाली. दोघे माळरानावरून गप्पा मारीत चालले असता माणसातल्या दुष्टपणाचा विषय निघाला, आणि या साध्याभोळ्या दिसणाऱ्या पाद्र्याला त्याची एवढी खोल माहिती आहे हे पाहून चेस्टरटन थक्क झाला. पुढे दोघे एका घरी पोहोचले. तिथे केंब्रिजचे दोन विद्यार्थी होते. पाद्रीबाबा खोलीबाहेर गेल्यावर ते म्हणू लागले की गृहस्थ विद्वान खरे, पण मठाच्या भिंतीआड राहणाऱ्या माणसाला जगातले खरे पाप काय कळणार? चेस्टरटनला हसू आवरेना. त्या हसण्यातून फादर ब्राऊन जन्माला आला. पुढे 1922 साली चेस्टरटनने कॅथलिक पंथ स्वीकारला, तेव्हाही हे फादर ओकॉनर त्याच्याजवळ होते.

इथे एक गोष्ट समजावून घेतली पाहिजे. कॅथलिक चर्चमध्ये भाविक माणूस धर्मगुरूपुढे आपल्या पापांची कबुली देतो. ऐकलेले गुपित धर्मगुरूने कोणालाही सांगायचे नाही, अगदी न्यायालयातही नाही, असा चर्चचा कडक नियम आहे. आता विचार करा, ज्या माणसाच्या कानावर वर्षानुवर्षे चोरांच्या, खोटे बोलणाऱ्यांच्या, मत्सराने जळणाऱ्यांच्या कबुल्या पडत आल्या, तो भोळा कसा राहील? तो भोळा दिसतो एवढेच. आपल्या वसईकडचे ख्रिस्ती लोक चर्चभोवतीच्या वस्तीला धर्मग्राम म्हणतात. धर्मग्रामातली लग्ने, बारसे, मयत, जत्रा, भांडणे ही सगळी त्या एका माणसाच्या डोळ्यांखालून जातात. पोलीस गावात येतो तो गुन्हा घडल्यावर. पाद्री मात्र गुन्ह्याच्या आधीही तिथेच असतो आणि नंतरही.

पहिल्याच कथेत याची गंमत आहे. फादर ब्राऊन आपल्या खेड्यातून नीलमण्यांनी जडवलेला एक क्रूस घेऊन लंडनला निघाला आहे. फ्लांबो नावाचा धिप्पाड फ्रेंच चोर पाद्र्याचा वेष घेऊन त्याला गाठतो. वाटेत चमत्कारिक प्रकार घडत जातात. एका उपाहारगृहात साखरेच्या भांड्यात मीठ सापडते आणि कोणीतरी भिंतीवर सूप फेकलेले असते. एका फळवाल्याच्या दुकानी भावाच्या पाट्यांची अदलाबदल होते. एका खानावळीची तर काचच फुटते! पोलिसांना वाटते, कोणी वेडा मोकाट सुटला आहे. खरा प्रकार असा की फादर ब्राऊन मुद्दामच माग ठेवीत चालला होता, पोलिसांनी मागोमाग यावे म्हणून. आणि सोबतचा पाद्री नकली आहे याची त्याची खात्री कशावरून पटली? चोराने गप्पांच्या ओघात बुद्धीवर आणि तर्कावर अविश्वास दाखवला, आणि खरा धर्मगुरू असे बोलणार नाही, हे फादर ब्राऊनला ठाऊक होते. श्रद्धावान माणूस म्हणजे बुद्धी गहाण टाकलेला माणूस, असे समजणाऱ्यांना चेस्टरटनने दिलेला हा गमतीदार टोला आहे.

पण या कथांचा खरा कस लागतो तो लहान गावात. ‘देवाचा हातोडा’ अशा अर्थाचे नाव असलेली एक कथा आहे. ती शेवटापर्यंत सांगितल्यावाचून तिचे मोल कळणार नाही, म्हणून रहस्य फोडल्याबद्दल रागावू नका.

टेकडीवर वसलेले एक इंग्लिश खेडे. उंच मनोऱ्याचे जुने चर्च आणि त्याच्या समोर लोहाराचा भाता. चर्चमधला धाकटा पाद्री अगदी सोवळा, सतत प्रार्थनेत. त्याचा थोरला भाऊ कर्नल मात्र बदफैली, आणि त्याची नजर लोहाराच्या देखण्या बायकोवर. एके सकाळी कर्नल भात्याजवळ मरून पडलेला सापडतो. डोक्यातल्या हिरव्या टोपीला आतून पोलादी अस्तर होते, तरी टोपीसकट कवटीचा चुरा झालेला. बातमी घेऊन चर्चमध्ये धावत कोण येतो? गावातला नास्तिक मोची, जो एरवी चर्चची पायरी चढत नाही! अशा भयंकर प्रसंगीही चेस्टरटन आपल्याला हसवतो.

आता गाव काय करते पाहा. एवढा घाव घालायचे बळ एकट्या लोहारात, म्हणून पहिला संशय लोहारावर. पण लोहार त्या वेळी दुसऱ्या गावी होता. शिवाय घाव घातलेली हातोडी अगदी लहान, आणि दांडगा लोहार मोठे घण सोडून लहान हातोडी का उचलील? मग हलकी हातोडी म्हणजे बाईचे काम, म्हणून संशय त्याच्या बायकोवर. पण बाईच्या हातून पोलाद कसे फुटेल? मग लोहाराच्या नात्यातल्या एका वेडसर तरुणावर. वेड्याला अचाट बळ येते, आणि हत्यार कोणते उचलावे याचे त्याला भान नसते. तर्क बिनतोड दिसतो. आणि हा तर्क मांडणारा असतो तो सोवळा धाकटा पाद्री.

फादर ब्राऊन त्या पाद्र्याला घेऊन चर्चच्या मनोऱ्यावर चढतो. तिथून खाली पाहिले की माणसे किड्यामुंग्यांएवढी दिसतात. फादर ब्राऊन त्याला हळूच सांगतो त्याचा आशय असा, की उंचावरून सतत खाली पाहणाऱ्याला माणसे क्षुद्र वाटू लागतात आणि आपणच न्यायदेवता आहोत असा भ्रम होतो. खालून जाणारा भाऊ त्या क्षणी धाकट्याला विषारी किड्यासारखा दिसला. हातातली हातोडी त्याने वरून सोडली. लहान हातोडी, पण उंची केवढी! पोलाद फुटले ते त्या उंचीमुळे.

मित्रहो, हे रहस्य नुसते गणितासारखे सुटत नाही. ते सुटते तेव्हा आपल्याच मनाला चटका लावते. गावातला बदफैली माणूस मेला आणि खुनी निघाला गावातला सर्वांत पवित्र माणूस! तुम्हाला हे कसे कळले, असे तो विचारतो. तेव्हा फादर ब्राऊनचे सांगणे एवढेच, की मी माणूस आहे, आणि माणसाच्या मनातले सगळे सैतान माझ्याही मनात आहेत. तो आणखी एक गोष्ट नोंदवतो. या पाद्र्याने गुन्हा लोहारावर किंवा त्याच्या बायकोवर लादला नाही. वेड्यावर ढकलला, कारण वेड्याला फाशी होणार नाही हे त्याला माहीत होते. म्हणजे त्याच्यातली माणुसकी अजून पुरती मेली नव्हती. फादर ब्राऊन त्याला पोलिसांच्या हवाली करीत नाही. तो त्याला मोकळे सोडतो, आणि धाकटा पाद्री खाली उतरून आपल्या पायांनी पोलिसांपुढे जाऊन गुन्हा कबूल करतो.

शेरलॉक होम्स आणि फादर ब्राऊन यांच्यातला फरक हाच. 1887 पासून वाचकांना परिचित असलेला होम्स गुन्हेगाराला बाहेरून पाहतो. बुटाचा चिखल, विडीची राख, बोटांवरचे डाग पाहून तो माणूस ओळखतो. फादर ब्राऊन गुन्हेगाराच्या मनात शिरतो. 1927 च्या संग्रहात तो आपली रीत उघड करून सांगतो. हा खून मी स्वतः केला असता तर माझ्या मनाची अवस्था काय असती, याचा तो प्रामाणिकपणे विचार करतो, आणि त्या वाटेने खुन्यापर्यंत पोहोचतो. म्हणूनच खुनी सापडल्यावर त्याला विजयाचा आनंद होत नाही. फ्लांबो चोराला त्याने बेड्या ठोकल्या नाहीत. त्याला समजावून चोरीच सोडायला लावली, आणि पुढे तोच फ्लांबो त्याचा जिवलग मित्र झाला.

दुसरी एक कथा आहे, न दिसणाऱ्या माणसाची. एका इमारतीत एकाला ठार मारण्याची धमकी आलेली असते, म्हणून दाराशी चौघे पहारा करतात. चौघेही शपथेवर सांगतात की आत कोणी गेले नाही. पण बर्फावर पावले उमटलेली, आणि वर माणूस नाहीसा झालेला! कोण गेला होता? पोस्टमन. चौघांनी त्याला पाहिले होते, पण माणूस म्हणून त्याची मोजदाद केली नव्हती. शेवटी फादर ब्राऊन त्या खुन्याबरोबर कितीतरी तास बर्फातून चालत राहतो. दोघांत काय बोलणे झाले ते लेखक आपल्याला सांगत नाही.

ही कथा वाचून स्वतःला एकच प्रश्न विचारा. आपल्या गावात असे न दिसणारे कोण आहेत? पोस्टमन, झाडूवाली, शाळेचा शिपाई, ऊसतोडीला आलेले मजूर. ‘घरी कोण होते?’ असे विचारले तर ‘कोणी नव्हते’ म्हणतो आपण, आणि भांडी घासणारी बाई तिथेच असते! गंमत अशी की चोरी झाली की पहिला संशय मात्र याच न दिसणाऱ्या माणसांवर येतो. एरवी जो दिसत नाही, तो संशयाच्या वेळी तेवढा बरोबर दिसतो.

मूळ कथांत फादर ब्राऊन एका गावी स्थिर नसतो. आज लंडन, उद्या स्कॉटलंड अशी त्याची भटकंती चालते. 2013 सालापासून बीबीसीने त्याच्यावर जी दूरदर्शन-मालिका केली, तिने त्याला केंबलफर्ड नावाच्या एका काल्पनिक खेड्यात कायमचे घर दिले. काळ 1950 नंतरचा. पाद्रीबाबा सायकलवरून फिरतात. चर्चचा कारभार मिसेस मॅकार्थी ही कजाग पण मायाळू बाई पाहते. तिने भाजलेल्या गोड पावांची, म्हणजे स्कोनची, तिला भारी ऐट आणि गावगप्पांची भारी आवड. पोलीस इन्स्पेक्टर हटकून भलत्यालाच पकडतो, आणि पाद्रीबाबांनी मध्ये पडू नये म्हणून चडफडत राहतो. मालिकेची दहाहून अधिक पर्वे झाली. मूळ कथांतले खोल पाणी तिथे थोडे उथळ झाले आहे खरे. पण एक गोष्ट मालिकेने अचूक पकडली. चर्चची जत्रा, फुलांची स्पर्धा, गायकवृंदातले रुसवेफुगवे यांतूनच गाव जिवंत होते, आणि मग तिथला गुन्हा आपल्याच आळीत घडल्यासारखा वाटतो. आपल्याकडेही लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये ख्रिस्ती संसारातला असाच निर्मळ विनोद दाखवला आहे. श्रद्धा आणि हसू एका घरात सुखाने नांदू शकतात, हे मराठी वाचकाला तिथे पूर्वीच कळले आहे.

या कथांतले हसू नुसते करमणुकीसाठी नाही. स्वतःला हसू शकणारा माणूस मनोऱ्यावर चढून न्यायाधीश होत नाही. छत्री खाली पडते, पाद्रीबाबा ती उचलायला वाकतात, आणि वाकलेल्या माणसाला जमिनीवरचे पुष्कळ काही दिसते.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्यासाठी एक सूचना. हातोड्याची कथा वर्गात आपल्या शब्दांत अर्ध्यापर्यंत सांगा आणि थांबा. मुलांना विचारा, तुमचा संशय कोणावर? नावे फळ्यावर लिहा. मग प्रत्येकाला विचारा, कशावरून? त्याने जे सांगितले तो पुरावा आहे, की त्या माणसाविषयी आधीच मनात असलेले मत आहे? फळ्यावर दोन रकाने आखा आणि उत्तरे वाटून टाका. दुसरा रकाना भराभर भरतो, हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसू द्या. नंतर उरलेली कथा सांगा.

आणि ग्रामीण बंधूंनो, पुढच्या वेळी पारावर कोणाचे नाव निघाले, तर या बुटक्या पाद्र्याची आठवण ठेवून एकदा विचारून पाहा, ‘पाहिले कोणी?’ कदाचित सगळे गप्प होतील. तेवढ्या वेळात एखाद्या गरिबाची अब्रू वाचेल.