सही वडिलांची, होकार कुणाचा?

रक्ताचा कर्करोग झालेल्या लहान मुलाला सुरुवातीचं स्टेरॉइड पाच आठवडे द्यायचं, की तीन आठवडे पुरेल? मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासह देशातल्या काही मोठ्या केंद्रांनी 'आयसायकल-ऑल-१४' या चाचणीत हा प्रश्न हाती घेतला. स्टेरॉइड लांबलं की जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, आणि आपल्याकडे उपचार चालू असतानाच दगावणाऱ्या मुलांच्या मृत्यूमागे बऱ्याचदा संसर्गच असतो. चाचणी म्हटलं की कुणीच न घेतलेलं औषध डोळ्यांपुढे येतं. इथे औषध जुनंच होतं, कमी दिवसांत भागतं का ते पाहायचं होतं. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या सतरा वर्षांच्या मुलाला चाचणी समजावायची तर सुरुवात इथून करावी, असं मला वाटतं.

कारण घरातून पहिला प्रश्न येतो तो 'आमच्या पोरावर प्रयोग करणार का?' या प्रश्नाला अडाणीपणा म्हणू नये. तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस देण्याचा प्रकल्प २०१० मध्ये थांबवावा लागला. त्या काळात दगावलेल्या काही मुलींच्या मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत आढळला नाही. पण पालकांऐवजी मुख्याध्यापकांनी, वसतिगृहाच्या अधीक्षकांनी संमतीपत्रांवर सह्या केल्याचं संसदीय समितीनं २०१३ मध्ये परखडपणे नोंदवलं. ज्यांची पोरं आश्रमशाळेत राहतात त्या कातकरी, ठाकूर, महादेव कोळी आईबापांना यातलं दुखणं वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

त्यानंतर नियम बरेच घट्ट झाले. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि वर भरपाई. नैतिकता समितीतले निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे. चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. अठरा वर्षांखालच्या रुग्णासाठी सही पालकांची. पण भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की सात वर्षांपुढच्या मुलाचा तोंडी आणि बारापुढच्या मुलाचा लेखी होकार घ्यावा. मुलाला मध्येच अठरा वर्षं पूर्ण झाली तर त्याची स्वतःची संमती नव्यानं घ्यायची.

कागदावर हे उत्तम आहे. घरात मात्र अनेकदा मुलाला आजाराचं नावच सांगितलेलं नसतं. 'रक्त कमी झालंय' एवढंच त्याच्या कानावर असतं. मग तो होकार देणार कशाला? गप्प बसलेला मुलगा राजी आहे असं आपण धरून चालतो, आणि मला सर्वांत जास्त खटकतं ते हेच. त्याच्या मनात बारावीची परीक्षा असते, गळणारे केस असतात, पुढे मूल होईल का ही धास्ती असते. औषधं सुरू होण्याआधी वीर्य गोठवून ठेवता येतं, पण आईवडिलांसमोर ही गोष्ट तो विचारणार नाही. डॉक्टरांनी त्याच्याशी एकट्याशी बोलायला हवं, आणि तेही मराठीत.

याच वयाच्या रुग्णांना चाचण्यांची गरज जास्त आहे. बालरुग्णांचे उपचार टप्प्याटप्प्यानं सुधारले ते चाचण्यांमुळे. १५ ते ३९ वयोगट जगभर त्यांत कमी दिसतो. धड बालविभागात नाही, धड मोठ्यांच्या विभागात नाही. मुलांचे कडक उपचार सोळा ते एकोणचाळीस वर्षांच्या रुग्णांना झेपतात का, हे 'सीएएलजीबी १०४०३' या अमेरिकी चाचणीनं तपासलं, तेव्हा तीन वर्षांनंतर ७३ टक्के रुग्ण हयात होते. आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि टाटा यांनी घडवलेल्या 'नेक्सकार१९' या पेशी-उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्याआधी ६४ रुग्ण चाचणीला तयार झाले होते.

अडचण पुष्कळदा भीतीपेक्षा प्रवासाची असते. शहापूरच्या मुलाला आसनगावहून लोकल पकडून परळचं टाटा रुग्णालय गाठणं एकवेळ जमतं. मुरबाडला रेल्वेच नाही; आधी एसटीनं कल्याण, मग लोकल, आणि पांढऱ्या पेशी उतरलेला मुलगा त्या गर्दीत. चाचणीत रक्ततपासण्या आणि फेऱ्या वाढतात. दिवाळीनंतर घर वीटभट्टीवर गेलेलं असेल तर प्रत्येक फेरी म्हणजे बुडालेली मजुरी. प्रवासखर्च आणि बुडीत मजुरी देण्याची मुभा मार्गदर्शक तत्त्वांत आहे; चाचणीच्या अंदाजपत्रकात ती रक्कम पहिल्या दिवसापासून धरली पाहिजे. साधी रक्ततपासणी शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात करून अहवाल परळला पाठवता आला, तर कितीतरी फेऱ्या वाचतील.

विचार करायला अवधी मागणं हा रुग्णाचा हक्क आहे. प्रत्येक औषधचाचणीची सरकारी नोंदणी २००९ पासून सक्तीची आहे. तो क्रमांक संमतीपत्र समोर येईल तेव्हाच मागून घ्यावा. गावातली आशाताई किंवा कॉलेजात जाणारी बहीण मोबाइलवर तो क्रमांक टाकून चाचणी कोण करतंय, कशासाठी करतंय, ते मुलाला वाचून दाखवू शकते.