चाक फुटपाथला धडकल्यावर काय तपासायचं?

म्हैसूरच्या मेटगळ्ळीत केआरएस रोडला टायरचा मोठा कारखाना आहे. आधी तो विक्रांत टायर्सचा होता, 1997 साली जेके टायरकडे गेला. याच रस्त्याने वृंदावन बागेकडे जाताना वळणाचा अंदाज चुकून चाक फुटपाथच्या दगडावर आपटलं, तर तपासणीही टायरपासूनच सुरू करावी.

टायरच्या बाजूच्या भिंतीवर फुगवटा दिसला, तर आतले धागे तुटलेत असं समजा. याला पॅच चालत नाही, टायर बदलावाच लागतो. गाडीकडे तोंड असलेली आतली बाजूही बॅटरी लावून पाहावी. मग चाक जॅकवर उचलून फिरवा आणि रिमच्या कडेजवळ काडी स्थिर धरा. फट कमीजास्त होत असेल तर रिम किंवा हब वाकलाय.

आता गाडी सपाट, मोकळ्या रस्त्यावर हळू चालवा. गाडी सरळ जातेय पण स्टेअरिंग तिरकं राहतंय, तर पहिला संशय टाय रॉडवर घ्यावा. स्टेअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारा हा रॉड बारीक असतो आणि धक्क्यात बहुधा तोच आधी वाकतो. वाकला की त्याची लांबी कमी होते. अनेक गाड्यांत तो अ‍ॅक्सलच्या मागे असतो. तिथे चाकाची मागची बाजू आत ओढली जाते, पुढची बाहेर फाकते आणि टायर आतल्या कडेने झिजू लागतो. खाली वाकून दोन्ही बाजूंचे रॉड शेजारीशेजारी ताडून पाहा. न आपटलेली बाजू हीच आपली मोजपट्टी.

खिळखिळेपणा हातानेच कळतो. गाडी जॅकच्या भरवशावर न ठेवता स्टँडवर घ्या. चाक डावीउजवीकडून धरून हलवा. खटखट आली तर टाय रॉडचा एंड ढिला असू शकतो. वरखालून धरून हलवल्यावर आली तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. आता कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. खटखट थांबली तर दोष बेअरिंगचा, तशीच राहिली तर बॉल जॉइंटचा असण्याची शक्यता जास्त.

अलाइनमेंटच्या मशीनवर जायचं ते यानंतर. तिथे ‘टो’ म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर वळवता येतात. ‘कँबर’, म्हणजे चाकाचा उभा कल, बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या चाकांना जुळवता येतच नाही. म्हणून एका बाजूचा कँबर दुसरीपेक्षा बराच वेगळा आला, तर लोअर आर्म, स्ट्रट, नकल यांपैकी काहीतरी वाकलंय किंवा सबफ्रेम सरकलीय. उलट वाकलेल्या टाय रॉडवरही टो ‘बरोबर’ करून देता येतो. कागदावर सगळं हिरवं दिसतं, पण वाकलेला रॉड गाडीतच राहतो. म्हणून आधी पार्ट, मग अलाइनमेंट. वाकलेला पार्ट तापवून, ठोकून सरळ करू देऊ नका. पोलाद आतून कमकुवत झालेलं असतं.

गॅरेजमध्ये दुरुस्तीआधीचं आणि नंतरचं अशी दोन्ही प्रिंटआउट मागून घ्या. टायरला फुगवटा असेल किंवा बॉल जॉइंट हलत असेल, तर गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या.